सहावा फर्मा

सेंदाई, १७ नोव्हेंबर २०१३

प्रिय कश्मिरा,

आधीची दोन पत्रं न फोडता परत आली. पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहिलेलं अक्षर तुझं नव्हतं, तुझ्या आईचं, अरुणाकाकूंचं होतं. हेही येईल. तरी लिहिते, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगितली तर तो हसेल.

मला वाचता येत नाही.

डोळे तपासून घेतले, ठीक आहेत. दुकानांच्या पाट्या, बसचे नंबर, औषधाच्या पुडीवरच्या सूचना, सगळं कळतं. पण पुस्तक उघडलं की दोन ओळींनंतर मी वाचत नसते, नुसती बघत असते. पान उलटते, कारण हाताला सवय आहे. आधी हे फक्त मराठी पुस्तकांचं होतं. आता लॅबमध्येही सुरू झालंय. धातूला बारीक चीर कशी पडते आणि कशी वाढते, यावर मी सहा वर्षं काम करतेय. आता शोधनिबंधातल्या आकृत्या पाहते आणि मजकूर सोडून देते. परवा प्राध्यापकांनी विचारलं, "यामिनी-सान, तो निबंध वाचलात?" मी हो म्हणाले. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. मी आकृत्या उलटसुलट बघत राहिले. मग त्यांनी विषयच सोडून दिला, आणि इथे त्याचा अर्थ काय होतो ते तुला माहीत आहे. मार्चमध्ये माझा करार संपतो.

बाबांनी दरवर्षीसारखे दिवाळी अंक पाठवलेत. मागच्या वर्षीचे अजून खोक्यात आहेत. फोनवर ते विचारतात, "ती खलाशाची कथा कशी वाटली?" अनुक्रमणिका मी पाहून ठेवलेली असते. "शेवट जरा लांबलाय," असं म्हणते. कुठल्याही कथेला चालतं. बाबा खूश होऊन म्हणतात, "बरोबर धरलंस." फोन ठेवल्यावर मला अंक खिडकीतून फेकावेसे वाटतात.

वाचत नाही, मग काय करते? वजन करते. लॅबमधल्या काट्यावर. कालचा अंक तीनशे बारा ग्रॅम होता. हस.

आपण यागियामाच्या टेकडीवर घरमालकीण किकुची-सानच्या घरी वरच्या दोन खोल्यांत राहायचो, तेव्हा तू म्हणायचीस, "यामिनीबाई, तुमच्या पुण्यात पुस्तकांना आंघोळपण घालतात का हो?" पुस्तकाला पाय लागला की मी नमस्कार करायचे, आणि तू पानाचा कोपरा दुमडलास की दोन दिवस तुझ्याशी बोलायचे नाही. ती मी, आणि ही मी.

तुझ्यावर शेल्फ पडलं त्यात पुस्तकं माझी होती, हे मला मान्य आहे. ते पडू नये म्हणून किकुची-साननी शेल्फ आणि छताच्या मध्ये दोन दांडे ताणून बसवले होते, ते सटकले. भूकंप काही माझ्या एकटीचा नव्हता.

तू शिव्या तरी लिही. त्या वाचता येतात का ते बघते.

यामिनी


सेंदाई, २ फेब्रुवारी २०१४

प्रिय कश्मिरा,

पुस्तकं टाकून दिली.

त्या दिवशी शेल्फवर होती ती सगळी. आजोबांच्या शब्दकोशाचे आठ खंड, पोथ्या, जुने अंक, कादंबऱ्या. नव्या घरी आल्यापासून तीन वर्षं ती खोक्यांत होती आणि मी त्या खोक्यांना वळसा घालून चालत होते. टाकण्याआधी सगळ्यांचं वजन केलं. एकसष्ट किलो चारशे ग्रॅम. इथल्या पद्धतीप्रमाणे सुतळीने उभे-आडवे गठ्ठे बांधले आणि बर्फातून चार फेऱ्या करून कचऱ्याच्या कोपऱ्यावर ठेवले. आईने हे पाहिलं असतं तर तिने माझं तोंड पाहिलं नसतं.

संध्याकाळी आले तर गठ्ठे तिथेच, प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी: आज कागदाचा दिवस नाही. मी कॅलेंडर पाहिलं होतं, वाचलं नव्हतं. सरळ घरी गेले. दुसऱ्या दिवशी गठ्ठे दिसले नाहीत. कुणीतरी नेले असतील. सुटले म्हटलं, पण सुटल्यासारखं वाटत नाही. काल रात्रभर वाटत राहिलं की ते एकसष्ट किलो आता दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवून आलेय.

किकुची-सान दोन गल्ल्या सोडूनच राहतात, तुला आठवत असेल, आपलंच घर. वरच्या खोल्या आता बंद असतात. मुलाने त्यांना भाडेकरू ठेवायला मनाई केलीय. त्या बाजारात भेटतात आणि दर वेळी आधी वाकतात, मग विचारतात, "तुझ्या मैत्रिणीचा हात कसा आहे?" मी म्हणते, बरा आहे. मला काय माहीत? काकूंनी एकदाच फोन घेतला होता. तुझी तीन बोटं वळत नाहीत, सांगलीत तू क्लासमध्ये शिकवतेस, फळ्यावर डाव्या हाताने लिहितेस, एवढं कळलं. आणि एक गोष्ट त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या: "पुस्तकाला हात लावत नाही गं ती. म्हणते, एका हातात पेलत नाही. नुसती मोबाईल बघत बसते."

परवा किकुची-सान म्हणाल्या, "मी ते दांडे नीट घट्ट केले नव्हते." दर वेळी म्हणतात. आणि दर वेळी मी म्हणते, नाही, नाही, भूकंपच फार मोठा होता, तुमचा काही दोष नाही. माझं जपानी इतकं अस्खलित दुसऱ्या कुठल्याच वाक्यात होत नाही.

हे पत्रही परत आलं तर बरंच आहे.

यामिनी


सेंदाई, ११ मार्च २०१४

कश्मिरा,

दुपारी दोन शेहेचाळीसला, भूकंपाच्या वेळेला, भोंगा झाला. लॅबमध्ये सगळे उभे राहिले. मी टेबलाची कडा धरून खाली बघत होते आणि लोकांना वाटलं, मी शोक करतेय.

आज तुला सांगणार होते. चार कागद फाडले.


१२ मार्च

सांगते.

दांडे सटकले नाहीत. मी काढले होते.

नऊ तारखेला दुपारी तो पहिला धक्का बसला, तेव्हा आपण दोघी बाहेर होतो. किकुची-सान वर आल्या, स्टुलावर चढून दांडे बसवून गेल्या आणि सगळी जड पुस्तकं खालच्या कप्प्यात ठेवून गेल्या. जड खाली, हलकं वर. मी संध्याकाळी आले तर शब्दकोश बरोबर तुझ्या गादीच्या पायथ्याशी. तू जमिनीवर झोपायचीस, झोपेत पाय लागणारच. मी म्हटलं, हे चालणार नाही. तू म्हणालीस, "लागू दे की. माझा शब्दसंग्रह तरी वाढेल." मला राग आला होता. मी बोलले नाही.

दहा तारखेला तू रात्रभराच्या प्रयोगासाठी लॅबमध्ये गेलीस आणि मी एकटीने सगळं वर चढवलं. वरचा कप्पा पुरेना. मग शेल्फच्या डोक्यावर थेट छतापर्यंत रचली. मध्ये दांडे येत होते. काढले, गाद्यांच्या कपाटात रजयांमागे ठेवले. उद्या आखूड दांडे आणू, असं ठरवलं. मी धातू कसा तुटतो ते शिकत होते, कश्मिरा. जड वस्तू उंचावर ठेवली की काय होतं ते शाळेतलं पोरही सांगेल.

अकराला तू सकाळी येऊन झोपलीस, मी गेले. धक्क्यानंतर बस बंद, टेकडी चालत चढले, बर्फ सुरू झालेलं. किकुची-सान आणि त्यांच्या मुलाने तुला शेल्फखालून काढलं होतं आणि खिडकीच्या लाकडी दारावर झोपवून खाली आणत होते. तुझा उजवा हात मी पाहिला. किकुची-सान ओरडल्या, विम्याची कार्डं आण. मी वर गेले. कार्डं मिळाली. ती हातात असताना मी गाद्यांचं कपाट उघडलं, दांडे काढले आणि ढिगाऱ्यावर ठेवले. एक सरळ, एक जरा तिरका, खरं वाटावं म्हणून.

घाबरून झालं असं मीही स्वतःला सांगत आलेय. पण तिरका ठेवायला मी खाली वाकले होते. ठेवल्यावर एकदा पाहिलंही होतं.

मग हॉस्पिटलात तुझ्या कानाशी म्हणाले, दांडे सटकले गं.

त्या दिवसापासून मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. पुस्तकाचा मान राखायला मी तुझा हात घालवला आणि आता पुस्तक मला आत घेत नाही. हे फार नाटकी वाटत असेल. पण याहून साधं कसं सांगायचं ते मला सुचत नाही.

हे पत्र परत पाठवू नकोस. फाडून टाक, पण आधी फोड.

यामिनी


सेंदाई, २० एप्रिल २०१४

प्रिय कश्मिरा,

महिना झाला, पत्र परत आलेलं नाही. तू फोडलंस, की काकूंना कंटाळा आला, कळायला मार्ग नाही. मी रोज टपालपेटी दोनदा उघडते. एकदा जाताना, एकदा येताना.

तुला सांगितल्यावर किकुची-सानना न सांगणं जमेना. काल दुपारी गेले. त्यांनी चहा केला. मी सगळं सांगितलं, तिरक्या दांड्यासकट. ऐकताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. मग उठून आतून लोणच्याची एक बरणी आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे झाकण मी लावत नाही," म्हणाल्या. "मुलगा लावतो. गॅसचा नळ तो बंद करतो. सायकलच्या टायरात हवा तो भरतो. आई, तुझ्याने आता घट्ट होत नाही, असं म्हणतो. तीन वर्षं मी ते खरं मानलं."

मी माफीचं जे वाक्य पाठ करून नेलं होतं ते म्हणायला लागले.

"चहा पिऊ नकोस," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या इतक्या वर्षांत कधी अशा भाषेत बोलल्या नव्हत्या. "बाहेर उभी राहा. मुलगा सहाला येतो. त्याला सांग आणि मग जा."

मी दोन तास सायकलींच्या शेडपाशी उभी राहिले. शेजारची बाई दोनदा विचारून गेली, काही हरवलंय का? सहाला तो आला. मी सांगितलं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं नाही, ओरडला नाही. बूट न काढता दारातच उभा राहिला आणि आत बघून म्हणाला, "आई." मी निघाले.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की निदान आज तरी काहीतरी वाचता येईल. घरी येऊन बाबांचा अंक उघडला. दोन ओळी. मग तीच भिंत. कश्मिरा, म्हणजे हा सौदाही नाही. बोलण्याच्या बदल्यात काही परत मिळत नाही.

प्राध्यापकांनी करार सप्टेंबरपर्यंत वाढवलाय. का, ते सांगितलं नाही.

यामिनी


सेंदाई, ८ जून २०१४

प्रिय कश्मिरा,

आज सकाळी बेल वाजली. दारात किकुची-सान आणि हातगाडी. गाडीवर माझे गठ्ठे. सगळे.

"कचऱ्याची पाळी माझी होती," त्या म्हणाल्या. "चुकीच्या दिवशी ठेवलेलं पाळीवाल्याला उचलावं लागतं. चार महिने माझ्या कोठीत जागा अडवून बसलंय. तुझं ओझं आहे, तू सांभाळ."

मी वाकले. त्या वाकल्या नाहीत.

"आणि सुतळी कशी बांधतात ते शिक. उचलल्याबरोबर सगळं सुटलं. मी परत बांधलंय."

गाडी घेऊन त्या निघून गेल्या. गाठी इतक्या घट्ट होत्या की मला कात्री लागली.

गठ्ठे फोडायचे नव्हतेच खरं तर. पण एका गठ्ठ्यातून एक पुस्तक तिरकं बाहेर आलं होतं. मुखपृष्ठ गेलेली ती जुनी कादंबरी आठवते? खाडीवर होडी चालवणाऱ्या बाईची. आजोबांची होती, नाव मलाही माहीत नाही. ती सरळ करायला गेले तर एका पानाचा कोपरा दुमडलेला. पान सत्त्याऐंशी. दुमडीत भिंतीचा पांढरा चुरा.

माझ्या पुस्तकाचा कोपरा तुझ्याशिवाय कोण दुमडणार? आणि चुरा त्या दिवसाशिवाय कुठला?

म्हणजे तू झोपलेली नव्हतीस. वाचत होतीस. तीन वर्षं मी स्वतःला समजावत आलेय की ती झोपेत होती, तिला काही कळलं नाही.

मी खाली तातामीच्या चटईवर बसले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. वाचावंसं वाटलं म्हणून नाही. शेल्फ पडण्याआधी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते मला हवं होतं. शब्दाला बोट लावून वाचत होते, पहिलीतल्या मुलीसारखी. वीस पानांना दोन तास लागले. ती भिंत येत होती, प्रत्येक पानावर येत होती, आणि मी म्हणत होते, तू इथून पुढे गेली होतीस, मला जायलाच हवं. दुपार गेली. कधीतरी बोट सुटलं, ते लक्षात आलं नाही.

सत्त्याऐंशीव्या पानावर पलीकडच्या काठावरून तिचा भाऊ हाका मारतोय. त्याने तिला घराबाहेर काढलेलं असतं. खाडीला पाणी चढलंय. तिने होडीचा दोर सोडलाय, पण वल्ह्याला हात लावलेला नाही. पान तिथे संपतं.

कश्मिरा, मला पान उलटायचं होतं. पुढे काय होतं ते मला हवं होतं, तहान लागावी तसं. आणि लगेच मला माझीच इतकी लाज वाटली की मी पुस्तक मिटून मोरीत जाऊन तोंड धुतलं. तू जिथे थांबलीस तिथून पुढे मी कशी जाऊ?

गेले नाही. पुस्तक मिटून ठेवलंय.

यामिनी


सेंदाई, २९ जून २०१४

प्रिय कश्मिरा,

सोबत जे आहे ते बघून दचकू नकोस.

काकू म्हणाल्या होत्या, एका हातात पेलत नाही. मी ती कादंबरी काट्यावर ठेवली. चारशे दहा ग्रॅम. तुझ्या डाव्या हाताला आडवं पडून हे धरवणार नाही, खरं आहे. मग मी पाठीकडून पाहिलं. जुनं पुस्तक आहे, सोळा-सोळा पानांचे फर्मे करून दोऱ्याने शिवलेलं. एकेक फर्मा सुटा केला तर वजन नसल्यासारखंच.

लॅबमधून पातं आणलं. तीन संध्याकाळी ते टेबलावर नुसतं पडून होतं. पुस्तकाला पाय लागू नये म्हणून काय करून बसले ते तुला माहीत आहे, आणि तीच मी पुस्तकावर पातं चालवणार. काल कापलं. दोरा तुटतो तेव्हा बारीक आवाज होतो. चौदा फर्मे निघाले, एकेक एकोणतीस ग्रॅम. टेबलावर मावेनात म्हणून जमिनीवर ओळीने मांडलेत आणि आता त्यांच्यामधून पाय टाकत चालते.

तुला सहावा पाठवतेय. पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव. तुझा कोपरा तसाच ठेवलाय, चुराही. अठ्ठ्याऐंशीव्या पानापासून पुढचं मी वाचलेलं नाही. तुझ्याआधी वाचणार नाही. तुला वाचायचं असेल तर वाच, आणि वाटलं तर मला परत पाठव. नाही पाठवलंस तर ती बाई माझ्यासाठी दोर सोडून तशीच उभी राहील. तेही मला चालेल. चालणार नाही, पण तक्रार करणार नाही.

यामिनी


सेंदाई, २१ सप्टेंबर २०१४

प्रिय कश्मिरा,

पाकीट काल आलं. पत्ता डाव्या हाताने लिहिलेला, ओळ चढावर गेलेली. मी ते घेऊन जिन्यातच बसले.

तुझी चिठ्ठी मी इथे उतरवून काढतेय. का, तर वाचता आली हे तुला कळावं म्हणून:

"यामिनीबाई, दांडे नव्हते ते मला त्या सकाळीच दिसलं. पुस्तक काढायला स्टुलावर चढले होते. म्हटलं, संध्याकाळी ही आली की हिची चंपी करते, आधी दोन पानं वाचू. दांडे नाहीत हे बघूनही मी त्याच शेल्फखाली पुस्तक घेऊन पडले. हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तू हॉस्पिटलात 'सटकले' म्हणालीस तेव्हा ठरवलं, ही स्वतः सांगेपर्यंत हिचं पत्र घ्यायचं नाही. तीन वर्षं लावलीस गं. पाकिटं आईने परत पाठवली, सांगून मीच. मार्चचं मात्र जाड होतं, म्हणून फोडलं. माफीबिफी नंतर बघू, अजून हात दुखतो आणि थंडीत तुझं नाव घेऊन दुखतो. किकुची-सानना मी वेगळं लिहिलंय. फर्मा दोन महिने उशाखाली होता, मागच्या रविवारी वाचला. आडवी पडून. हात भरून आला नाही. सातवा पाठव. आणि कापलेल्या पुस्तकाला रोज नमस्कार घालत असशील तर ते आधी बंद कर."

खाली, घाईत: "ती वल्हं उचलते की नाही ते मी सांगणार नाही."

माझा करार नऊ दिवसांनी संपतोय. पुढचं काम ठरलेलं नाही. शोधनिबंध अजूनही अडखळतच वाचते, आणि किकुची-सान अजून मला आत बोलावत नाहीत. बाबांना मात्र काल फोनवर खरं सांगितलं, की खलाशाची कथा मी वाचलेलीच नव्हती. ते म्हणाले, "मीही नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हटलं तू सांगशील."

सातवा फर्मा सकाळीच पोस्टात टाकला, न वाचता. सहावा समोर आहे. तू शहाण्णवचाही कोपरा दुमडलायस, निर्लज्जासारखा. अठ्ठ्याऐंशीवं पान उघडून टेबलावर उपडं ठेवलंय, जसं मी तुला कधी ठेवू दिलं नाही. हे पत्र लिहिताना माझं लक्ष सारखं तिकडे जातंय.

तेव्हा आज एवढंच. मला वाचायचंय.

यामिनी